कॅरोबच्या कुकीज, आणि माझा करपलेला पहिला घाणा

आमच्या धाकटीला संध्याकाळी चॉकलेट दिलं की रात्री बारापर्यंत डोळे टक्क उघडे. म्हणून घरात कॅरोब आला. भूमध्य समुद्राकाठच्या एका सदाहरित झाडाच्या या शेंगा. बिया काढायच्या, उरलेला गर भाजून दळायचा, की झाली पावडर. दिसायला थेट कोको, पण कॅफिन नाही.

कॅरोबला कोको समजायचं नाही, इथेच मी चुकले. पहिला घाणा कोकोच्याच कृतीने केला, ओव्हन १८० वर. कोको मुळात कडू. कॅरोबच्या गरात स्वतःचीच साखर भरपूर, ती लवकर करपते. वरून कुकीज छान तपकिरी दिसत होत्या. उलटून पाहिल्या तर तळ काळा ठिक्कर, आणि चव करपलेल्या पाकाची.

तेव्हापासून माझं प्रमाण ठरलेलं आहे: १०० ग्रॅम मऊ लोणी, ८० ग्रॅम ब्राउन शुगर (कोकोच्या कुकीजना मी ११० घालते), १३० ग्रॅम मैदा, ३५ ग्रॅम कॅरोब पावडर, अर्धा चहाचा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, थोडी दालचिनी, दोन मोठे चमचे दूध. मीठ विसरू नका, नाहीतर नुसती गुळमट चव येते. चिमूटभर कॉफीनेही स्वाद खुलतो म्हणे, पण मग आमचा सगळा खटाटोपच वाया!

लोणी आणि साखर हलकी होईपर्यंत फेटा. मैदा, कॅरोब, बेकिंग पावडर, मीठ, दालचिनी एकत्र दोनदा चाळा. आळस करू नका, कॅरोबच्या गुठळ्या होतात आणि फेटून मोडत नाहीत. भाजल्यावर दाताखाली भुकटीचा खडा येतो. हे सगळं लोण्यात मिसळून शेवटी दूध घाला. कोकोत थोडी चरबी असते, कॅरोबमध्ये जवळपास नाहीच, त्यामुळे गोळा कोरडा वाटतो. चिरा पडत असतील तर दूध चमचाभर वाढवा. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

लिंबाएवढे गोळे करून किंचित चपटे करा. साधारण अठरा होतात. ओव्हन १६० वर, मधला कप्पा, बारा मिनिटं.

झाल्या का, हे रंगावरून कळणारच नाही, पीठ आधीपासूनच तपकिरी. मी दहाव्या मिनिटाला एक कुकी उलथन्याने उचलून कडेला बोट लावते: कड टणक, मधे बोट रुतेल इतकी मऊ, की ट्रे बाहेर. भाजलेल्या खजुरासारखा वास येतो तोवर ठीक. तो जरा कडवट झाला तर उशीर झाला समजा. गरम असताना त्या मोडतात, दहा मिनिटं ट्रेमध्येच राहू द्या.

गरम गरम खाल्ल्यात तर कॅरोब जरा मातकट लागतो. आमच्याकडे दुसऱ्या दिवशी डबा उघडला की धाकटी आधी वास घेते, मग दोन उचलते.