पोस्ट बेसिकच्या वर्गात पत्त्यांचा डाव

नर्सिंग महाविद्यालयात नव्याने ट्यूटर म्हणून रुजू होणाऱ्यांना पोस्ट बेसिक बी.एस्सी.चा (पदविकेनंतरच्या नर्सिंग पदवीचा) वर्ग सुरुवातीला जड जातो, कारण समोर बसलेल्या अनेकींनी जीएनएम या नर्सिंगच्या पदविकेनंतर काही वर्षे वॉर्ड सांभाळलेला असतो आणि एखादीचा अनुभव आपल्याहूनही अधिक असतो. मी पहिल्या सत्रात प्रश्नमंजूषा घेऊन फळ्यावर गुण मांडले. बारा वर्षे नोकरी झालेल्या एक सिस्टर शेवटच्या आल्या आणि पुढचा आठवडाभर वर्गात बोलल्याच नाहीत. तेव्हापासून एकेकटीचे गुण मोजणारा खेळ मी घेतलेला नाही.

सर्वांत उपयोगी ठरला तो जैववैद्यकीय कचऱ्याच्या वर्गीकरणाचा डाव. २०१६ च्या नियमांनुसार पिवळा, लाल, पांढरा आणि निळा असे चार डबे ठेवावेत, प्रत्येक पत्त्यावर एकेका वस्तूचे नाव लिहावे आणि चौघींच्या गटाने एकमत करून, कारण मोठ्याने सांगूनच पत्ता टाकावा, एवढेच नियम पुरतात. कापूस, बोळे, ड्रेसिंग असे सोपे पत्ते थोडेच ठेवावेत. खरा वाद रक्ताच्या पिशवीवर होतो. सलाईनची बाटली आणि आयव्ही सेट लाल पिशवीत जातात, म्हणून प्लास्टिकची रक्तपिशवीही तिथेच जाईल असे बहुतेकींना वाटते. परंतु आत उरलेल्या रक्तामुळे ती पिवळ्या पिशवीत जाते. तसेच साध्या सिरिंजची सुई वेगळी करून सुई पांढऱ्या डब्यात व सिरिंज लाल पिशवीत टाकतात, मात्र सुई पक्की जोडलेली इन्सुलिन सिरिंज सबंधच पांढऱ्या डब्यात जाते.

डाव पंधरा मिनिटांत आटोपतो. त्यानंतरच्या चर्चेला त्याच्या दुप्पट वेळ राखून ठेवावा. (तास संपत आला की हीच चर्चा आधी कापली जाते, आणि मग उरते ती केवळ करमणूक.) या चर्चेत मी बरोबर उत्तरांपेक्षा ‘वॉर्डात प्रत्यक्षात काय होते?’ हे आधी विचारते. त्याच अबोल झालेल्या सिस्टरांनी एकदा सांगितले की, रंग सगळ्यांना पाठ असतात, पण रात्रपाळीत ट्रॉलीवर एकच पिशवी लावलेली असते. त्या दिवशी वर्गाने रंगांची उजळणी सोडून ट्रॉलीची मांडणी कागदावर काढली.

आता पत्ते मी तयार करत नाही. प्रत्येक तुकडी पुढच्या तुकडीसाठी आपल्या वॉर्डातल्या अडचणींवरून दहा पत्ते लिहून ठेवते. त्या सिस्टरांच्या पहिल्या पत्त्यावर होते : ‘अर्धी संपलेली सलाईनची बाटली, रात्रीचे तीन, ड्यूटीवर एकटीच.’