खेळांच्या उगमाचे प्रदर्शन कसे उभारावे : नाशिकच्या शाळांसाठी मार्गदर्शन

२९ ऑगस्ट हा मेजर ध्यानचंद यांचा जन्मदिवस राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून पाळला जातो आणि त्या निमित्ताने शाळाशाळांतून खेळांच्या माहितीचे फलक लागतात. त्या फलकांवर बहुधा ‘फुटबॉलचा शोध इंग्लंडमध्ये लागला’, ‘बास्केटबॉलचा शोध अमेरिकेत लागला’ अशी एकेक ओळ आणि खाली इंटरनेटवरून उतरवलेले चित्र असते. ज्या क्रीडाशिक्षकांना आणि इतिहासशिक्षकांना मिळून याहून चांगले काही उभारायचे आहे, त्यांच्यासाठी ही पद्धत मांडली आहे. तयारीला जुलैच्या सुरुवातीस लागावे.

सर्वप्रथम ‘शोध कोणी लावला’ हा प्रश्न बाजूला ठेवावा. त्याऐवजी प्रत्येक खेळासाठी तीन प्रश्न घ्यावेत : त्याआधी लोक त्यासारखे काय खेळत होते, नियम कोठे आणि केव्हा लिहिले गेले, आणि तो खेळ कोणी, कोणत्या वाटेने बाहेर नेला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नेहमीच धूसर असते. चेंडूला लाथ मारणे प्राचीन चीनमध्येही होते आणि मध्ययुगीन इंग्लंडच्या गावागावांतही. दुसऱ्या प्रश्नाला मात्र तारीख असते. २६ ऑक्टोबर १८६३ रोजी लंडनमधील फ्रीमेसन्स टॅव्हर्न या ठिकाणी काही क्लबांचे प्रतिनिधी जमले आणि फुटबॉल असोसिएशनची स्थापना झाली. पुढच्या बैठकांत वाद पेटला तो प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारू द्यावी की नाही आणि चेंडू हातात घेऊन पळू द्यावे की नाही यावर. या दोन्ही गोष्टी नाकारल्या गेल्या तेव्हा ब्लॅकहीथ हा क्लब बाहेर पडला, आणि १८७१ मध्ये रग्बीची स्वतंत्र संघटना उभी राहिली. एकाच पोटातून निघालेल्या या दोन खेळांचे फलक शेजारी शेजारी लावावेत, म्हणजे नियम लिहिणे म्हणजे नेमके काय, हे मुलांना न सांगता कळते.

माहिती गोळा करताना दंतकथा ओळखण्याची एक साधी कसोटी वापरावी. घटना घडल्याचे साल आणि ती घटना प्रथम कोणी सांगितल्याचे साल, अशी दोन्ही साले शोधून कार्डावर लिहावीत. १८२३ मध्ये विल्यम वेब एलिस या विद्यार्थ्याने रग्बी स्कूलच्या मैदानावर चेंडू उचलून धाव घेतली आणि रग्बी जन्मली, असे सर्रास छापले जाते. परंतु ही कथा छापून आली १८७६ मध्ये, म्हणजे अर्धशतकानंतर, आणि तोवर एलिस हयात नव्हता. बेसबॉलचेही तसेच आहे. ॲब्नर डबलडे याने १८३९ मध्ये कूपर्सटाउन येथे तो खेळ निर्माण केल्याचा निष्कर्ष एका समितीने १९०७ साली जाहीर केला, पण १८३९ मध्ये डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता आणि न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबचे लेखी नियम १८४५ चे आहेत. दोन सालांतील अंतर जितके मोठे, तितकी कथा संशयास्पद समजावी. तिला फलकावरून हाकलून लावण्याचे मात्र कारण नाही. ‘आख्यायिका’ असा शिक्का मारून ती ठेवावी; रग्बीचा विश्वचषकही एलिसच्याच नावाने दिला जातो.

यानंतर ‘हे सगळे एकोणिसाव्या शतकातच का’ असा एक स्वतंत्र फलक अवश्य करावा, कारण पाठ्यपुस्तकातील औद्योगिक क्रांती इथे मैदानावर उतरलेली दिसते. १८५० च्या कायद्याने ब्रिटनमधील कापड गिरण्यांना शनिवारी दुपारी दोन वाजता काम थांबवावे लागले. कामगारांना खेळायला आणि बघायला अर्धा दिवस मिळाला. आगगाडीमुळे दूरच्या गावांचे संघ एकमेकांकडे जाऊ लागले आणि मग प्रत्येक गावाचे वेगळे नियम चालेनासे झाले. लॉन टेनिसला तर हिरवळ छाटणारे यंत्र आणि गवतावर उसळणारा रबरी चेंडू या दोन वस्तू मिळाल्याखेरीज जन्मच नव्हता. मेजर विंगफिल्ड यांनी १८७४ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि १८७७ मध्ये विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली.

तिसऱ्या प्रश्नासाठी जगाचा मोठा नकाशा, टाचण्या आणि तीन रंगांची लोकर घ्यावी : लाल लष्कर व सरकारी अधिकाऱ्यांसाठी, निळी व्यापार व रेल्वेसाठी, पिवळी शाळा व मिशनऱ्यांसाठी. खेळाचा प्रवास देशाकडून देशाकडे न दाखवता माणसाकडून माणसाकडे दाखवावा. ब्राझीलसाठी चार्ल्स मिलर पुरेसा आहे : रेल्वेत नोकरी करणाऱ्या स्कॉटिश बापाचा, साओ पाउलो येथे जन्मलेला हा मुलगा शिक्षणासाठी इंग्लंडला गेला आणि १८९४ मध्ये सामानात फुटबॉल आणि नियमपुस्तिका घेऊन परतला. ब्राझील किंवा अर्जेंटिना ब्रिटनची वसाहत नव्हती, म्हणून तिथे निळा धागा जाड दिसेल. क्रिकेटचा लाल धागा मात्र बहुतेक साम्राज्याच्या हद्दीतच राहिलेला दिसेल. मुंबईत पारशी तरुणांनी १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला, याचा उल्लेख टाळू नये, कारण साहेबाने खेळ शिकवला असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. पुष्कळदा लोकांनी तो बघून उचलला.

पिवळ्या धाग्यासाठी बास्केटबॉल घ्यावा, आणि इथे हात आखडता घेऊ नये, कारण या खेळाचा जन्म जवळजवळ तासावारी सांगता येतो. डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफिल्ड येथील वायएमसीए (यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशन) या ख्रिस्ती तरुण संस्थेच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ यांना हिवाळ्यात बंद सभागृहात खेळता येईल असा खेळ हवा होता. त्यांनी तेरा नियम लिहिले, फुटबॉलचाच चेंडू घेतला आणि पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. टोपलीला बूड असल्याने प्रत्येक गोलनंतर चेंडू वर जाऊन काढावा लागे. तो कठडा दहा फूट उंच होता आणि आजही रिंग तेवढ्याच उंचीवर असते. शाळेच्या मैदानावरील रिंगची उंची मुलांकडून टेपने मोजून घ्यावी व तो आकडा फलकावर लिहावा, ३.०५ मीटर आला नाही, तर रिंग नीट करून घेण्याचीही संधी मिळेल. व्हॉलीबॉल १८९५ मध्ये जवळच्याच होल्योक येथे विल्यम मॉर्गन यांनी, त्याच संस्थेच्या छत्राखाली घडवला. या दोन्ही खेळांना सैन्याची गरज पडली नाही. वायएमसीएच्या शाखा जिथे उघडल्या, तिथे ते पोहोचले.

उलट दिशेचे धागे विसरू नयेत. शटलकॉक उडवण्याचा खेळ जुनाच होता, पण भारतातील ब्रिटिश अधिकाऱ्यांत तो जाळे लावून खेळला जाऊ लागला आणि पुण्याच्या छावणीवरून त्याला ‘पूना’ असेही म्हणत. बॅडमिंटन हे नाव इंग्लंडमधील ड्यूक ऑफ ब्यूफोर्ट यांच्या वाड्याचे. स्नूकरचा उगम १८७५ मध्ये जबलपूरला, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याकडे जातो (हे पंतप्रधान चेंबरलेन नव्हेत). हा दावा त्यांनी स्वतः १९३८ मध्ये केला, म्हणून वरची कसोटी इथेही लावावी. फरक एवढाच, की इथे सांगणारा माणूस तिथे हजर होता.

आपल्या खेळांना या कसोटीतून सूट देऊ नये. कबड्डीचे मूळ अभिमन्यूच्या चक्रव्यूहात असल्याचे सांगितले जाते. ती आख्यायिका म्हणूनच लावावी. फलकावर ठळक अक्षरांत हवा तो नंतरचा प्रवास : १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत पदकांच्या खेळांत समावेश, आणि २०१८ मध्ये जकार्ता येथे इराणने पुरुष व महिला अशी दोन्ही सुवर्णपदके पटकावणे. आपल्यासाठी तो पराभव होता, पण खेळ खऱ्या अर्थाने परदेशी रुजल्याचा याहून भक्कम पुरावा नाही.

शेवटचा फलक नाशिकचा असावा. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानाला आपण आजही गोल्फ क्लब का म्हणतो, देवळालीच्या छावणीत कोणते खेळ चालत, तालमींतून मल्लखांब कोणी शिकवला, ही माहिती मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना आणि जुन्या खेळाडूंना विचारून आणावी, सांगणाऱ्याच्या संमतीने लिहावी आणि सार्वजनिक वाचनालयातील जुन्या ग्रंथांशी व अंकांशी ताडून पाहावी. सावरपाड्याच्या कविता राऊत यांचे २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील दहा हजार मीटरचे कांस्यपदक इथे येईलच. दत्तू भोकनळ यांना मात्र नकाशावर स्वतंत्र लाल धागा द्यावा. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यात १८२९ मध्ये थेम्स नदीवर ज्या नौकानयनाची पहिली शर्यत झाली, तो खेळ चांदवडसारख्या पाण्याच्या टंचाईच्या तालुक्यातील तरुणाला भारतीय लष्करात गेल्यावर भेटला आणि २०१६ मध्ये त्याला रिओ ऑलिंपिकपर्यंत घेऊन गेला.

मांडणीत एका कार्डशीटवर एकच खेळ ठेवावा, मजकूर दोन मीटरवरून वाचता येईल इतका मोठा लिहावा आणि प्रत्येक सालाखाली ते कोठून घेतले हे बारीक अक्षरांत नोंदवावे. ऑगस्टमध्ये पावसाची झड व्हरांड्यात येते, त्यामुळे फलक उघड्यावर न लावता सभागृहात किंवा वर्गात लावावेत, आणि लोकर ओढून नकाशा फाटू नये म्हणून तो आधी थर्माकोलवर चिकटवून घ्यावा.