स्कूटर चालू होत नाही? पार्ट बदलण्याआधी करंटचा माग काढा

आईच्या ११० सीसी स्कूटरचा सेल्फ एका जूनमध्ये त्रास द्यायला लागला. गुडघ्यामुळे तिला किक मारता येत नाही, त्यामुळे सेल्फ बंद म्हणजे गाडीच बंद. गॅरेजमध्ये आधी बॅटरी बदलली, मग स्टार्टर रिले (सेल्फच्या मोटरला करंट सोडणारा स्विच) बदलला. दोन्ही नवीन, तरी आठवड्यातून दोन-तीनदा बटन दाबलं की काहीच आवाज नाही. शेवटी एका संध्याकाळी मी गाडी भिंतीकडे पाठ करून उभी केली, चावी फिरवली आणि डावा ब्रेक दाबला. भिंतीवर लाल उजेड पडला नाही. उजवा दाबला, तर पडला. उजवा ब्रेक धरून सेल्फ मारला आणि गाडी लगेच चालू झाली.

दोष डाव्या लिव्हरजवळच्या बोटभर ब्रेक स्विचमध्ये होता. आपल्याकडच्या बहुतेक गिअरलेस स्कूटरमध्ये ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, कारण ब्रेक लाइटचा स्विच आणि सेल्फचा रिले एकाच वाटेवर असतात. ही एक गोष्ट माहीत असती तर दोन पार्टांचे पैसे वाचले असते. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: करंट बॅटरीतून निघून कुठपर्यंत पोचतो ते आधी बघायचं, आणि जिथे तो अडतो तिथेच हात घालायचा.

हाताशी काय हवं

साधा डिजिटल मल्टिमीटर, प्लग पाना, स्क्रूड्रायव्हर, बारीक काचपेपर, एक जादा स्पार्क प्लग. आणि घरी बनवलेला टेस्ट लॅम्प: इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन लांब वायरी. हा लॅम्प मला मल्टिमीटरइतकाच मोलाचा वाटतो. वायर आतून तुटून एकच तार उरली असली तरी मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण त्याला जवळजवळ करंट लागतच नाही. बल्ब मात्र पाऊण अँपिअरच्या वर खेचतो, त्यामुळे कमकुवत जोड असेल तर तो मिणमिणतो. फक्त ईसीयू (इंजेक्शनवाल्या गाडीचा छोटा कॉम्प्युटर), सीडीआय (कार्बोरेटरवाल्या गाडीत ठिणगी पाडणारा डबा) किंवा सेन्सरच्या वायरींना हा लॅम्प लावू नका. तिथे मल्टिमीटरच.

तक्रार नेमकी काय आहे?

‘गाडी चालू होत नाही’ एवढ्याने काहीच कळत नाही. इंजिन फिरतच नाही, की फिरतं पण पेट घेत नाही? पहिल्या प्रकारात दोष सेल्फच्या वाटेवर, दुसऱ्यात स्पार्क किंवा पेट्रोलकडे. चालता चालता बंद पडणं आणि रात्रीत बॅटरी उतरणं हे आणखी दोन वेगळे आजार आहेत.

काहीही उघडण्याआधी साइड स्टँड वर आहे ना आणि इंजिनचा लाल स्विच ‘बंद’वर राहिला नाही ना, हे बघा. नव्या बऱ्याच गाड्या स्टँड खाली असेल तर चालूच होत नाहीत. त्या स्टँडच्या स्विचवर चिखल बसला की स्टँड वर असूनही गाडीला तो खाली वाटतो.

बॅटरी आणि तिचे जोड

बॅटरी गाडीनुसार फूटबोर्डखाली, सीटखाली किंवा पुढच्या ॲप्रनमध्ये असते. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी व्होल्टेज मोजा. नुकत्या चालवलेल्या गाडीचं रीडिंग खोटं वर दिसतं. १२.६ च्या वर असेल तर चार्ज चांगला. १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी उतरलेली. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मग पुढचं बोला.

पण खरी परीक्षा सेल्फ मारताना होते. मीटर लावलेला ठेवून दुसऱ्याला बटन दाबायला सांगा. आकडा १० च्या खाली कोसळत असेल तर उभ्या गाडीला १२.७ दाखवणारी बॅटरीही आतून संपलेली आहे. मीटर नसेल तर सेल्फ मारताना हॉर्न वाजवून ऐका. घोगरा झाला किंवा बंद पडला तर संशय बॅटरीवर. हेडलाइटवरून अंदाज बांधू नका. बऱ्याच गाड्यांत तो इंजिन चालू झाल्यावरच लागतो, आणि कार्बोरेटरवाल्या पुष्कळ गाड्यांत ॲक्सिलरेटर दिला की त्याचा उजेड वाढतो. तो बिघाड नव्हे, त्यांची रचनाच तशी आहे.

बॅटरीला दोष देण्याआधी टर्मिनल हलवून बघा. बोटाने हललं तर सापडलं. पांढरा-हिरवा थर असेल तर जोड सोडवून, गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडं करा, काचपेपर फिरवा, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलिन लावा. सोडवताना आधी निगेटिव्ह, जोडताना ती शेवटी. हा क्रम उलटा झाला आणि पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला की थेट शॉर्ट होतो. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘चार्जिंग येतंय का’ बघायची जुनी पद्धत काही ठिकाणी अजून चालते. ते अजिबात करू नका. त्या क्षणी व्होल्टेज उसळून ईसीयू किंवा सीडीआय जाऊ शकतो.

अर्थिंग: सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे

करंट बॅटरीतून निघतो तसा तिच्याकडे परतावाही लागतो. ती परतीची वाट म्हणजे चेसिस, इंजिनची बॉडी आणि त्यांना जोडणाऱ्या एक-दोन काळ्या किंवा हिरव्या वायरी. त्यांचा बोल्ट गंजला की अजब लक्षणं दिसतात: ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतो, हॉर्न वाजवला की स्पीडोमीटरचे दिवे फडफडतात. अशी गाडी बघून लोक सगळं वायरिंग बदलायला सांगतात.

मल्टिमीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन इंजिनच्या रंग न लावलेल्या धातूला लावा, मग सेल्फ मारा. आकडा जवळजवळ शून्य हवा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थिंगमध्ये अडथळा आहे. बोल्ट काढा, खालचा गंज आणि रंग खरवडून चकाकता धातू दिसू द्या, पुन्हा घट्ट आवळा.

फ्यूज

उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा बसवा. पुन्हा उडाला तर कुठेतरी वायर शॉर्ट आहे. अशा वेळी तार किंवा चांदीचा कागद गुंडाळून गाडी चालवणं म्हणजे वायरिंगला आग लावणं. शॉर्ट बहुतेकदा हँडलच्या मानेपाशी सापडतो, जिथे दर वळणाला वायरी वाकतात.

सेल्फ: कानाने ओळखा

बटन दाबल्यावर काहीच आवाज नाही? सुरुवातीला सांगितलं तसं ब्रेक लाइट बघा, दोन्ही लिव्हर वेगवेगळे दाबून. मग फ्यूज, मग सेल्फचं बटन. पावसात भिजलेल्या बटनाच्या आत हिरवट थर बसतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून वीस-पंचवीस वेळा दाबलं की बहुधा साफ होतं.

‘कट-कट-कट’ असा भराभर आवाज आला तर रिले काम करतोय, बॅटरी किंवा तिचा जोड कमी पडतोय. एकच ठोस ‘टक’ आणि पुढे शांतता असेल तर रिलेपासून मोटरपर्यंतची जाड वायर किंवा मोटरचे कार्बन ब्रश बघायचे. मोटर गरगर फिरते पण इंजिन फिरत नाही, हा दोष इलेक्ट्रिकचा नाही, स्टार्टर क्लचचा किंवा गिअरचा आहे. काही नव्या गाड्यांत वेगळी स्टार्टर मोटरच नसते, मॅग्नेटची (इंजिनबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या चाकाची) कॉइलच इंजिन फिरवते. तिथे हे आवाज ऐकू येणार नाहीत.

इंजिन फिरतंय, पण पेट घेत नाही

इंजेक्शनवाली गाडी असेल (१ एप्रिल २०२० पासूनच्या जवळपास सगळ्या) तर चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पेट्रोल पंपाची बारीक घूं ऐकू येते का ते बघा. स्पीडोमीटरवरचा इंजिनचा पिवळा दिवा इंजिन चालू झाल्यावरही जात नसेल तर ईसीयूने चूक नोंदवली आहे, ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये वाचून घ्या. अशा गाड्यांत बॅटरी पूर्ण बसली असेल तर किकनेही काम होणं अवघड, कारण पंप, इंजेक्टर आणि ईसीयू तिघांनाही व्होल्टेज लागतं.

आता स्पार्क. प्लगची कॅप काढा, पण प्लग जागेवरच राहू द्या. जादा प्लग कॅपमध्ये बसवा आणि त्याची धातूची बॉडी इंजिनच्या हेडला घट्ट टेकवून रबरी मुठीच्या पक्कडीने धरा. प्लगचं भोक बंद राहिल्यामुळे पेट्रोलची वाफ ठिणगीशेजारी येत नाही, म्हणून मी असंच करतो. प्लग अधांतरी ठेवून कधीच सेल्फ मारू नका, कॉइल आणि सीडीआयवर ताण येतो. निळी, ‘चट’ असा आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळट, बारीक, मधेच चुकणारी ठिणगी म्हणजे वाटेत गळती आहे.

नव्या प्लगवर ठिणगी चांगली असेल तर जुना प्लग काढून बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक, कोरडं काळं असेल तर पेट्रोल जास्त जातंय, ओलं असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही. गॅप गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवा. बहुतेक स्कूटरना तो ०.६ ते ०.९ मिलिमीटरच्या दरम्यान असतो.

ठिणगीच नसेल तर प्लगपासून उलट्या दिशेने चला:

१. प्लग कॅप. ती वायरीवर स्क्रूसारखी बसते, फिरवून काढा. आत पाणी, गंज किंवा हिरवा थर असेल तर वायरीचं टोक ५ मिलिमीटर कापून ताज्या तांब्यावर कॅप पुन्हा फिरवून बसवा. कॅपमध्ये सहसा ५ हजार ओहमच्या आसपास रेझिस्टन्स असतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॅप गेली.

२. एचटी कॉइल, म्हणजे प्लगसाठी व्होल्टेज वाढवणारी. छोट्या पिनांकडून मोजलं तर काही ओहम किंवा त्याहून कमी, जाड वायरीच्या बाजूने काही हजार ओहम.

३. पल्सर कॉइल. मॅग्नेटजवळची ही छोटी कॉइल ठिणगीची वेळ सांगते. बहुतेक गाड्यांत शंभर ते काहीशे ओहम. आधी तिचा कप्लर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड) काढून पिना साफ करा, अर्धे दोष तिथेच सुटतात.

४. सीडीआयला चावी लावल्यावर करंट पोचतोय का. पोचत नसेल तर इग्निशन स्विच बघा.

सीडीआय सगळ्यात शेवटी. त्याला घरी मोजता येत नाही, म्हणून त्याच मॉडेलच्या चालू गाडीचा लावून बघणं हाच मार्ग. माझ्या अनुभवात तो बदलायला सांगितला जातो जास्त आणि खराब झालेला निघतो फार थोड्या वेळा.

घरात जपलेली पॉइंटवाली बजाज चेतक असेल तर सीडीआय नाहीच. तिथे मॅग्नेटमागचा प्लॅटिनम पॉइंट काचपेपरने साफ करून गॅप फिलर गेजने ०.३ ते ०.५ मिलिमीटरमध्ये लावायचा, आणि ठिणगी तरीही पिवळी पडली तर कंडेन्सर बदलायचा. कॉइल प्लेटच्या (मॅग्नेटमागे कॉइल बसवलेल्या प्लेटच्या) वायरींचं वेष्टण तेलाने आणि उष्णतेने तडकतं, तेही बघा.

गरम झाली की बंद, थंड झाली की चालू

हा दोष माणसाला रडवतो, कारण गॅरेजला पोचेपर्यंत गाडी ठणठणीत होते. ती बंद पडते त्याच क्षणी, रस्त्याकडेलाच दोन गोष्टी करा. पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. ‘सूं’ करून हवा आत गेली आणि गाडी चालू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय, इलेक्ट्रिकचा संबंध नाही. तसं नसेल तर झाकण घट्ट लावा, टाकीपासून दूर, गरम इंजिनला हात न लावता स्पार्क बघा. नसेल तर कॉइल किंवा पल्सर गरम होऊन आतून तुटतेय. घरी केस वाळवायच्या ड्रायरने ती तापवत ओहम मोजले तर आकडा मधेच गायब होताना दिसतो.

बॅटरी पुन्हा पुन्हा उतरते

इंजिन चालू करून रेस वाढवा आणि बॅटरीवर मोजा. १३.५ ते १४.५ च्या आसपास हवं. रेस देऊनही १३ च्या वर जात नसेल तर कॉइल प्लेट, आरआर युनिट (चार्जिंगचं व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर) किंवा त्यांचा कप्लर. कप्लर जळून तपकिरी झालेला पुष्कळदा सापडतो. १५ च्या वर गेलं तर आरआर युनिट बदला. बल्ब वारंवार उडण्याचं तेच कारण असतं.

चार्जिंग ठीक असूनही उतरत असेल तर चावी बंद करून निगेटिव्ह वायर सोडवा आणि मीटर अँपिअरवर ठेवून मधे जोडा (या अवस्थेत सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल). दोन-चार मिलिअँपिअर चालेल. २० मिलिअँपिअर दिसले तर दिवसाला जवळपास अर्धा अँपिअर-तास गळतो, आणि ४ अँपिअर-तासाची बॅटरी आठ-नऊ दिवसांत रिकामी. नंतर बसवलेला अलार्म, जीपीएस, मोबाइल चार्जर एकेक काढून आकडा कधी पडतो ते बघा.

पावसाळ्यात

अंधारात इंजिन चालू ठेवून बाटलीने एचटी वायर आणि कॉइलवर पाण्याचा हलका फवारा मारा, हात लांब ठेवून. निळ्या ठिणग्या बॉडीकडे उडताना दिसल्या तर वायर तिथेच फुटली आहे. गाडी धुताना हँडलवरच्या स्विचांवर आणि प्लगच्या बाजूला जोराचा फवारा मारू देऊ नका. गाडी काही दिवस उभी राहिली असेल तर फूटबोर्डखाली डोकावा. उंदीर वायरी कुरतडतात, आणि दोन वेगळ्या वायरी कुरतडल्या असतील तर लक्षणं एकमेकांशी जुळत नाहीत.

इतकं करूनही सुटलं नाही तर गॅरेजला जाताना आकडे कागदावर लिहून न्या: उभ्या गाडीचं व्होल्टेज, सेल्फ मारताना, रेस दिल्यावर, आणि स्पार्क आहे की नाही. चांगला मेकॅनिक तो कागद घेऊन तिथूनच पुढे सुरुवात करतो, आणि तुम्हाला बॅटरी दुसऱ्यांदा विकत घ्यावी लागत नाही.