उपवास आणि उपाशीपोटी : क्लिनिकल रिसर्चमध्ये शिरू पाहणाऱ्यांसाठी

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका आजींना मी फोनवर सांगितलं होतं, "उद्या सकाळी उपवास करून या, रक्त घ्यायचंय." आजी बरोब्बर आठला हजर, सोबत नातू. मी ट्यूब काढल्या, लेबलं चिकटवली आणि सवयीने विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

"छे गं, उपवासाचंच. साबुदाण्याची खिचडी आणि कपभर दूध."

व्हिजिट पुढे ढकलली. ठरलेल्या तारखेपासून तीन दिवस मागेपुढे चालणार होतं (याला 'विंडो' म्हणतात) म्हणून निभावलं. चूक आजींची नव्हतीच. 'फास्टिंग'ला मी 'उपवास' म्हटलं होतं, आणि आपल्याकडे उपवास म्हणजे उलट जरा जास्तच खाणं. गुजरातीतही तीच गत, तिथे फराळी असतं. तेव्हापासून मी मराठी पेशंटला 'उपाशीपोटी' म्हणते, गुजराती पेशंटला 'भूख्या पेटे', आणि वर पुस्ती जोडते : पाण्याशिवाय काही नाही, चहा नाही, साबुदाणा तर नाहीच.

मी बडोद्यात नऊ वर्षं क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर आहे. या धंद्यात सीआरसी म्हणतात. बी.फार्म. किंवा मायक्रोबायॉलॉजी झालेली, एमआरची बॅग उचलायची नाही पण औषधांच्या जगात राहायचंय अशी मुलंमुली ओळखीतून फोन करतात, "ताई, नक्की काय करता तुम्ही?" पेपरात बातमी येते ना, 'संशोधनात असे आढळले की', तर ते 'आढळणं' माझ्या टेबलावर सुरू होतं. खिचडी खाऊन आलेल्या आजींची साखर मी मुकाट्याने 'फास्टिंग' म्हणून भरली असती, तर तीही कुठल्याशा सरासरीत जाऊन बसली असती आणि कुणाला पत्ता लागला नसता.

एखाद्या हॉस्पिटलमध्ये औषधाची चाचणी, म्हणजे क्लिनिकल ट्रायल, चालते तेव्हा त्या जागेला 'साइट' म्हणतात. डॉक्टर असतात पीआय, म्हणजे मुख्य जबाबदारी त्यांची. पण ते ओपीडी, वॉर्ड आणि ऑपरेशन यांत बुडालेले. पेशंटला फोन, संमतीपत्र, तारखा, रक्त सेंट्रिफ्यूजला लावणं, कुरिअरवाल्याला कोरडा बर्फ संपायच्या आत पिटाळणं, दिलेल्या गोळ्या आणि परत आलेल्या गोळ्या मोजून ताळा जमवणं, हे सगळं सीआरसीचं. त्यात शाखांची सरमिसळ. सोमवारी मधुमेहाची चाचणी, मंगळवारी हृदयाची, गुरुवारी डोळ्यांची. कॉलेजात एकाच विषयात 'मास्टर' व्हायचं स्वप्न असलेल्यांना हे जड जातं. मला आवडलं.

संमती घेणं हे या कामातलं सगळ्यात अवघड आणि सगळ्यात घाईत उरकलं जाणारं काम आहे. नव्या माणसाला वाटतं, पंधरा-वीस पानं वाचून दाखवायची आणि सही घ्यायची. पण आपल्या माणसांचं उत्तर ठरलेलं असतं : "साहेब म्हणतील तिथे सही करते." ही संमती नव्हे, ही साहेबांवरची भक्ती. मी कागद बाजूला ठेवते आणि म्हणते, आता तुम्ही मला सांगा, काय करणार आहोत आपण? मग खरं काय समजलंय ते कळतं. वाचता न येणारा पेशंट असेल तर चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो. नव्या रेणूची, म्हणजे अगदी नव्या औषधाची, चाचणी असेल आणि पेशंट दुर्बल गटातला असेल तर संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग लागतं. २०१९ च्या 'न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स'मध्ये हे सगळं स्पष्ट आहे. ते नियम मुळातून वाचा, क्लासवाल्यांच्या नोट्समधून नको.

कोणाला कुठली गोळी हे कसं ठरतं, ते मी असं सांगते : चिठ्ठ्या टाकतात तसं, फक्त चिठ्ठी कॉम्प्युटर काढतो, ना डॉक्टरांच्या हातात ना माझ्या. आणि प्लासिबो म्हणजे दिसायला अगदी तशीच, पण आत औषध नसलेली गोळी. त्याच खिचडीवाल्या आजींनी यावर विचारलं होतं, "मग मी ती कशाला खाऊ?" इतका नेमका प्रश्न मला साइटचे कागद तपासायला येणाऱ्या एकाही मॉनिटरने विचारलेला नाही. तुमची नेहमीची औषधं चालूच राहणार, ही त्यावर जादा, हे सांगितलं. पण 'कशाला'चं उत्तर त्यात नव्हतं. म्हणून गुडघ्याची गोष्ट सांगितली, कारण गुडघा हा प्रत्येक आजीच्या जिव्हाळ्याचा विषय. अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये गुडघ्याच्या संधिवाताचे १८० रुग्ण घेतले. काहींचा गुडघा दुर्बिणीने आतून धुतला, काहींचा खरवडून साफ केला आणि काहींना फक्त कातडीवर चिरे देऊन टाके घातले. कोणाचं काय केलं हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. दोन वर्षं पाहिलं तर नुसते चिरे दिलेल्यांपेक्षा बाकीच्यांचं दुखणं काही जास्त कमी झालं नव्हतं. २००२ मध्ये हा निष्कर्ष छापून आला. आजी म्हणाल्या, "म्हणजे नुसतं कापलं तरी बरं वाटतं?" हो, वाटतं. म्हणूनच बिनऔषधाची गोळी लागते.

हृदयाच्या चाचण्यांवर काम करणार असाल तर 'कास्ट' या चाचणीचं नाव पहिल्या आठवड्यात ओळखीचं करून घ्या. हार्ट अटॅकनंतर ठोके अधूनमधून चुकतात. ते चुकू नयेत म्हणून एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं वापरात होती, आणि त्यांनी ईसीजी खरोखर स्वच्छ व्हायचा. मग प्लासिबोशी तुलना केली, तर औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले आणि प्लासिबोवरच्या ७४३ पैकी २६. चाचणीचा हा भाग १९८९ मध्ये थांबवावा लागला. ईसीजी सुधारत होता, माणसं मरत होती. नवी मुलं रिपोर्ट मिळाला की खूश होतात आणि फॉलोअपचा फोन टाळतात : "ताई, नंबर लागत नाही." नंबर लागत नाही म्हणजे काय? शेजाऱ्यांचा लावा, मुलाचा लावा. पेशंट आहे की गेला, हा चाचणीतला सगळ्यात मोलाचा आकडा असतो आणि तो कुठल्याही मशीनमधून येत नाही.

फोनवरूनच एकदा पावागडचा किस्सा कळला. रक्तदाबाच्या चाचणीतले एक काका. महिन्याचा नेहमीचा फोन, सगळं मजेत, आणि ठेवता ठेवता म्हणतात, "बेन, वच्चे जरा पडी गयो तो." पावागडच्या पायऱ्यांवर घसरले, दोन रात्री ॲडमिट होते, आणि हे घडून नऊ दिवस झालेले. ॲडमिट झाले म्हणजे ती 'सिरियस ॲडव्हर्स इव्हेंट', चाचणीच्या भाषेत गंभीर घटना. औषधाचा संबंध असो वा नसो, कळल्यापासून २४ तासांत कळवायची. "पायरीवरून पडले, त्यात औषधाचं काय?" असं मला तेव्हा वाटलं होतं. पण रक्तदाब उतरवणारी गोळी आणि चक्कर यांचं नातं जुनं आहे. काका घसरले की भोवंडले, हे ठरवणारी मी कोण? औषधाच्या पाकिटातल्या चिठोऱ्यावर बारीक अक्षरात 'चक्कर येणे' छापलेलं असतं, ते अशाच फोनांमधून जमा झालेलं असतं.

एक गुजराती गंमत. पात्रतेच्या फॉर्मवर दारूचा रकाना असतो. आपलं राज्य दारूबंदीचं. शेजारी बायको बसलेली असताना शंभरातले शंभर 'ना' म्हणतात, आणि मग लिव्हरचे एन्झाइम वेगळंच बोलतात. मी आता तो प्रश्न वजन करायला काट्यावर नेते तेव्हा, एकट्याला विचारते.

आता माझी चूक, कारण नुसत्या शहाणपणावर तुमचा विश्वास बसणार नाही. दुसरं वर्ष होतं. इंजेक्शनच्या कुप्या दोन ते आठ अंशांत ठेवायच्या, रोज फ्रिजचं तापमान लिहायचं. उत्तरायण आलं. १४ जानेवारी आणि १५ चं वासी उत्तरायण, अख्खं बडोदं गच्चीवर, मीही. १६ ला आले आणि मागच्या दोन ओळी मनानेच भरल्या : ४.२, ४.५. पुढच्या महिन्यात मॉनिटर आली. तिने फ्रिजमधला, तापमान आपोआप नोंदवणारा डेटा लॉगर काढला, त्याचा आलेख माझ्या कागदाशेजारी ठेवला आणि काही बोललीच नाही. १५ च्या दुपारी वीज गेली होती, जनरेटरचा स्विच कुणी टाकला नव्हता आणि फ्रिज तीन तास दहाच्या वर होता. कुप्या बाजूला काढल्या, स्पॉन्सरकडून, म्हणजे चाचणी करवून घेणाऱ्या कंपनीकडून, उत्तर येईपर्यंत दोन पेशंटचे डोस लटकले, पेशंटच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीला पत्र गेलं. पीआयनी बोलावलं तेव्हा मला वाटलं संपलं. ते एवढंच म्हणाले, "रीडिंग घेतलं नाही असं लिहिलं असतंस, तर एका ओळीचं काम होतं." वीज जाणं हा प्रोटोकॉलच्या, म्हणजे चाचणीच्या लेखी आराखड्याच्या, हिशेबात अपघात, मनाने लिहिलेलं ४.२ म्हणजे खोटेपणा. नोकरी राहिली. पण त्यानंतर वर्षभर माझ्या प्रत्येक कागदावर दुसऱ्याची सही लागायची, आणि ते योग्यच होतं. चुकलं तर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, आजची तारीख. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही, कालची तारीख तर मुळीच नाही.

निष्कर्ष वाचायलाही शिका, नुसते डेटा भरणारे होऊ नका. आमच्याकडे मधुमेहाच्या एम्पाग्लिफ्लोझिनचं चकचकीत पत्रक आलं होतं : हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी. मूळ पेपर २०१५ चा, ७,०२० रुग्ण, सगळ्यांना मधुमेहासोबत हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार आधीच असलेला. त्यातल्या तक्त्यात प्लासिबो गटाचा आकडा ५.९ टक्के आणि औषधाच्या गटाचा ३.७. म्हणजे साधारण तीन वर्षांत शंभरातल्या सहांऐवजी चार. ३८ टक्केही खरं, दोनचा फरकही खरा आणि दोन माणसं वाचणं ही लहान गोष्ट नव्हे. पण दोन्ही आकडे शेजारी ठेवल्याशिवाय मी आता कुठलंच पत्रक वाचत नाही.

आणि 'कोणात' हे विचारा. कोविडच्या दिवसांत ओळखीतले लोक विचारायचे, घरीच आहोत, थोडा ताप आहे, ते डेक्सामेथासोन चालू करू का? या स्टेरॉइडबद्दल ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीचा निकाल २०२० मध्ये आला होता, पेपरांनी मथळे दिले होते. तक्ता मात्र कुणी पाहिला नव्हता. व्हेंटिलेटरवरच्यांत २८ दिवसांतले मृत्यू ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आले. ज्यांना ऑक्सिजनचीही गरज नव्हती त्यांच्यात फायदा दिसलाच नाही. तिथे आकडा १४ विरुद्ध १७.८, औषधवाल्यांचाच जास्त. तेच औषध, तोच रोग. मी फोनवर घसा कोरडा करून सांगायचे, काहींनी ऐकलं.

माझी एक मैत्रीण उंदरांवरच्या प्रयोगांत गेली आणि आम्हा कोऑर्डिनेटरांना चिडवते, तुमचे उंदीर खिचडी खाऊन येतात. तिला मी २००६ चं लंडन आठवून देते. टीजीएन १४१२ नावाचं औषध प्राण्यांत सुरक्षित वाटलेल्या मात्रेच्या पाचशेपटीने कमी देऊनही सहाच्या सहा निरोगी तरुण काही तासांत अतिदक्षता विभागात गेले. सगळे वाचले, पण एकामागून एकाला मिनिटांच्या अंतराने डोस देण्याची पद्धत तिथेच मोडीत निघाली.

आता कामाचं. लाख-दीड लाखाचे डिप्लोमे आहेत, माझ्या मते घेऊ नका. जीसीपीचं (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे चाचणी नीट चालवायचे आंतरराष्ट्रीय नियम) सर्टिफिकेट लागतंच. ते ऑनलाइन होतं, फक्त २०२५ च्या जानेवारीत आलेल्या नव्या आवृत्तीवर आधारलेलं आहे ना ते पाहा. सीटीआरआय ही आपल्या देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही कुणालाही उघडता येते. २००९ पासून त्यात नोंद सक्तीची आहे. तिथे वडोदरा टाकून शोधा, कुठल्या हॉस्पिटलात काय चाललंय ते दिसेल, अर्ज कुठे टाकायचा तेही कळेल. माझा पहिला पगार बारा हजार होता. दोन-तीन वर्षांनी बरेच जण मॉनिटर होतात, मग अहमदाबादच्या कंपन्या आणि बॅग घेऊन गावोगाव. मी गेले नाही, ती माझी निवड.

बडोद्याच्या मराठी मुलांची एक जमेची बाजू आहे, तिची त्यांना किंमत नसते : आपण घरी मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत हिंदी-इंग्रजी. संमतीपत्राचं भाषांतर तपासायला बसलात की याचा उपयोग कळेल. मुलाखतीला जाताना ते बायोडाटात लिहा, 'वाचता, लिहिता, समजावून सांगता येते' असं. आणि नोकरी लागली की पहिल्याच दिवशी पुढच्या वर्षाचं कॅलेंडर काढून नवरात्राच्या नऊ रात्री, दिवाळीचा आठवडा आणि १४-१५ जानेवारीवर लाल फुल्या मारा. त्या दिवसांत पेशंट येत नाही, आणि फ्रिजकडे कोण बघणार हे आधीच कागदावर ठरवून घ्या.