पूर येण्याआधी सर्व्हिस दुसऱ्या क्लाउडवर उभी करण्याची तयारी कशी करावी

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. हरभट रोडच्या बाजूला एका बेदाण्याच्या अडत दुकानात आमचा सर्व्हर तळमजल्यावर होता. तो वेळेत माडीवर नेला, मशीन वाचलं, बॅकअपही हातात होता. तरी मिरजेत दुसऱ्या मशीनवर तेच सगळं परत उभं करायला मला पाच दिवस लागले. कोणती आवृत्ती, कोणता पोर्ट (सेवेशी जोडण्याचा क्रमांक), कोणती सेटिंग हे फक्त माझ्या डोक्यात होतं, तेही अर्धवट. शीतगृहात आपले किती बॉक्स आहेत, हे विचारायला शेतकरी रोज फोन करत होते आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून आम्ही एकही मशीन हाताने बसवत नाही. आधी ते लिहितो, मग लिहिल्याप्रमाणे टूलकडून बनवून घेतो. आज आमचं एक मशीन सांगलीत प्रॉक्समॉक्सवर (आपल्याच सर्व्हरवर आभासी मशीन चालवणारी प्रणाली) आहे, दुसरं मुंबईच्या क्लाउडमध्ये. तुमच्या जागा वेगळ्या असतील, पण क्रम हाच ठेवा.

सुरुवात वहीपासून करा. एका पानावर लिहा: कोणत्या सेवा चालतात, कोणत्या पोर्टवर, कोणाला कोण लागतं, डेटा कोणत्या फोल्डरमध्ये आहे. आमच्याकडे वेब अ‍ॅप, पोस्टग्रेस डेटाबेस आणि रोज रात्री शेतकऱ्यांना एसएमएस पाठवणारी एक स्क्रिप्ट आहे. ती स्क्रिप्ट क्रॉनमधल्या (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी यादी) एका ओळीवर चालते आणि नेमकी तीच ओळ सगळे विसरतात. क्रॉन उघडून प्रत्येक ओळ वहीत उतरवा.

मग मशीन बनवण्याचं वर्णन लिहा. त्यासाठी टेराफॉर्म किंवा ओपनटोफू वापरता येतं; लिहिलेल्या वर्णनावरून मशीन बनवणारी ही टूल्स. टेराफॉर्म २०१४ पासून आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचा परवाना बदलल्यावर त्यातून ओपनटोफू निघालं, ते लिनक्स फाउंडेशनकडे आहे. मी ओपनटोफू वापरतो. उबंटू लिनक्सची क्लाउड इमेज (मशीनचा तयार साचा) दोन्ही जागी एकाच आवृत्तीची घ्या. पहिल्यांदा चालू होताना मशीनचं नाव, युजर आणि एसएसएच की (दुरून सुरक्षित लॉगिन करण्याची किल्ली) क्लाउड-इनिट हा प्रोग्राम बसवतो. मात्र एकच फाइल प्रॉक्समॉक्सवर आणि क्लाउडवर जशीच्या तशी चालेल, अशी अपेक्षा ठेवू नका. मशीन बनवण्याचा भाग प्रत्येक जागेसाठी वेगळा लिहावा लागतो.

टूलने काय काय बनवलं, याची नोंद स्टेट फाइलमध्ये राहते. ती सातबाऱ्यासारखी असते: जमीन जागेवर असली तरी उतारा हरवला की घोळ सुरू. ती लॅपटॉपवर ठेवू नका. दूरच्या स्टोरेजवर ठेवा, जुन्या आवृत्त्या जपून ठेवण्याची सोय चालू करा आणि दोघांनी एकाच वेळी बदल करू नये म्हणून लॉक लावा. तिच्यात पासवर्ड साध्या अक्षरांत असू शकतात, म्हणून ती गिटमध्येही (फाइल्समधला प्रत्येक बदल जपणारी प्रणाली) टाकू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं: अ‍ॅप्लाय (म्हणजे बदल लागू) करण्याआधी प्लॅन, म्हणजे टूल काय काय बदलणार याची यादी, वाचा, शेवटच्या ओळीपर्यंत. एकदा मी डेटाबेसच्या मशीनमध्ये इमेजची एकच ओळ बदलली होती. प्लॅनच्या तळाशी आलं: एक वाढेल, शून्य बदलेल, एक नष्ट होईल. दुरुस्तीऐवजी जुनं मशीन पाडून नवं बांधलं जाणार होतं. त्या दिवशी मी थांबलो म्हणून डेटा राहिला. डेटाबेसच्या वर्णनात प्रिव्हेंट डिस्ट्रॉय (नष्ट होऊ न देणारी सेटिंग) लावा, म्हणजे असा प्लॅन एरर दाखवून अडतो. पण तो पूर्ण भागच कुणी फाइलमधून काढला तर हे कुलूपही त्याच्याबरोबर जातं. म्हणून डेटाची डिस्क मशीनपासून वेगळी ठेवा.

मशीनच्या आतली मांडणी अन्सिबल या टूलला द्या. ते एसएसएचवरून काम करतं, समोरच्या मशीनवर त्याचा वेगळा एजंट लागत नाही. पॅकेजेस, सेटिंग्ज, क्रॉनची ती ओळ, सगळं प्लेबुकमध्ये (अन्सिबलला कामं सांगणारी फाइल) लिहा. हा भाग सांगली आणि मुंबई दोन्हीकडे एकच राहतो. तेच प्लेबुक लगेच दुसऱ्यांदा चालवा. बदललेल्या गोष्टींचा आकडा शून्य आला पाहिजे. नाही आला, तर कुठलं तरी काम दर वेळी उगाच घडतंय, ते शोधा. ओळी आत सरकवायला टॅब वापरू नका, प्लेबुक ज्या यामल स्वरूपात लिहितात ते टॅब स्वीकारत नाही. पासवर्ड अन्सिबल व्हॉल्टमध्ये (अन्सिबलची कुलूपबंद फाइल) ठेवा.

दोन जागा जोडायला वायरगार्ड (इंटरनेटवरून सुरक्षित खाजगी जोडणी) पुरतं. ऑफिसच्या इंटरनेटला कायमचा पब्लिक आयपी नसेल तर जोडणी सांगलीकडून सुरू करा आणि कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारा संदेश) दर २५ सेकंदांनी ठेवा. दोन्हीकडचे आयपी पट्टे वेगवेगळे हवेत.

इथवर मशीन उभं राहतं, पण ते रिकामं असतं. डेटा कोडमधून येत नाही. पोस्टग्रेसचं रेप्लिकेशन लावा: सांगलीत मुख्य प्रत, मुंबईत मागोमाग चालणारी प्रत. मूळ सेटिंगमध्ये सांगली मुंबईच्या होकाराची वाट पाहत नाही, त्यामुळे अचानक बंद पडल्यास शेवटच्या काही नोंदी हुकू शकतात. वाट पाहायला लावलं तर सौद्याची प्रत्येक नोंद रेंगाळते आणि लाइन तुटली की अडकूनच बसते. आम्ही पहिला मार्ग घेतला. शिवाय रेप्लिकेशनला बॅकअप समजू नका. इथे चुकून पुसलेली नोंद तिथेही लगेच पुसली जाते. रात्रीचा बॅकअप तिसऱ्या जागी वेगळा हवाच.

मुंबईच्या प्रतीला मुख्य करण्याचा निर्णय मात्र आपोआप होऊ देऊ नका. फायबर तुटली की मुंबईला वाटतं सांगली गेली. ती स्वतः मुख्य होते, सांगलीत मात्र दिवाणजी नोंदी करतच असतात. मग एकाच लॉटची दोन खाती तयार होतात आणि ती जुळवताना जीव जातो. आज्ञा एकच असू दे, पण आधी सांगलीची प्रत बंद आहे हे माणसाने पाहावं आणि मगच ती द्यावी.

वर्णनाच्या सगळ्या फाइल्स गिटमध्ये आल्या की पाइपलाइन लावा. बदल आला की प्लॅन आपोआप निघावा. तो दुसऱ्या माणसाने वाचून होकार दिल्यावरच अ‍ॅप्लाय व्हावं. दोघांचीच टीम असली तरी हे पाळा.

मे महिन्यात, पावसाच्या आधी, रंगीत तालीम घ्या. वेगळ्या स्टेटवर बॅकअपमधून सगळं नव्याने उभं करा आणि घड्याळ लावा. एसएमएसची स्क्रिप्ट तालमीत बंद ठेवा, नाहीतर शेतकऱ्यांना दुहेरी संदेश जातात. दिवाणजींना बोलावून दहा शेतकऱ्यांचे बॉक्स वहीशी ताडून पाहा. स्क्रीन उघडली एवढ्यावर समाधान मानू नका. डीएनएसचा (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) टीटीएल, म्हणजे तो पत्ता साठवून ठेवण्याची मुदत, ३०० सेकंदांवर आणून ठेवा. पाणी चढू लागल्यावर तो कमी करून उपयोग नाही, कारण जुना पत्ता तोवर लोकांकडे साठलेला असतो.

तालीम संपली की मशीन्स डिस्ट्रॉय करा, पण दुसऱ्या दिवशी क्लाउडच्या बिलाचं पान उघडून पाहा. सुटलेल्या डिस्क आणि पब्लिक आयपी काही काम करत नसले तरी त्यांचं बिल चालूच राहतं.