थायरॉइड की पाळी जाण्याची चाहूल? लक्षणे वेगळी कशी ओळखावीत

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा ‘अंगाची लाही लाही होते’, ‘रात्री डोळ्याला डोळा लागत नाही’, ‘धडधड होते’ या तक्रारी घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी असतात. त्यामुळे पंचेचाळिशीच्या आसपासच्या बाईने हेच शब्द उच्चारले, तर ते इतरांच्या तक्रारींत मिसळून जातात. कोणी लक्ष दिलेच तर दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणजे ‘वय झालं, आता असंच चालायचं’, आणि दुसरे म्हणजे ‘थायरॉइड असेल, तपासून घे’. माझ्या थोरल्या बहिणीला ही दोन्ही उत्तरे वर्षभर मिळत राहिली आणि ती वर्षभर दुखणे अंगावर काढत राहिली. शेवटी निष्पन्न झाले ते असे की तिला दोन्ही होते. म्हणूनच ‘हे की ते’ असा कौल घरबसल्या लावण्यापेक्षा कोणते लक्षण कोणाच्या खात्यावर मांडायचे, हे नीट पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. पुढील पायऱ्या त्यासाठी आहेत.

आधी घोटाळा का होतो ते थोडक्यात पाहू. थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या भागात, कंठाच्या खाली असलेली फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी आहे. तिच्यातून स्रवणारी टी-४ आणि टी-३ ही संप्रेरके शरीराच्या चुलीची आच ठरवतात. आच मंदावली की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच हे संप्रेरक जास्त सोडते, आणि आच भडकली की ते कमी करते. पाळी जाण्याआधीच्या काही वर्षांत, म्हणजे पेरिमेनोपॉजमध्ये, अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन संथपणे उतरत जात नाही, तर कधी एकदम वर आणि कधी एकदम खाली जाते. भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षाच्या सुमारास थांबते, म्हणजे ही उलथापालथ चाळिशीतच सुरू होऊ शकते. थायरॉइडचे विकार स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक आढळतात आणि वयाबरोबर वाढतात. थकवा, झोपमोड, वजन, केस गळणे, विसरभोळेपणा, चिडचिड आणि पाळीतील बदल हे सारे दोन्हीकडे असते.

पहिली पायरी : पाळीची नोंद ठेवावी

भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या पहिल्या दिवशी टिंब देण्याची सवय अनेक घरांत आहे. तेवढ्या एका टिंबात भर घालावी. रक्तस्राव किती दिवस टिकला, सर्वाधिक अंगावरून गेले त्या दिवशी किती पॅड लागले आणि गाठी पडल्या का, हे चौकोनात बारीक अक्षरात लिहावे. किमान तीन पाळ्यांची नोंद हाती असावी, आणि मागची टिंबे सापडली तर जुने कॅलेंडरही रद्दीत टाकू नये.

दोन पाळ्यांमधील अंतर आधीच्या पाळीपेक्षा सात किंवा अधिक दिवसांनी कमी-जास्त होत असेल, आणि असे पुन:पुन्हा घडत असेल, तर ती पेरिमेनोपॉजच्या सुरुवातीची खूण मानली जाते. साठ किंवा अधिक दिवस पाळी न येणे ही त्याच्या उत्तरार्धाची खूण आहे, आणि सलग बारा महिने पाळी आली नाही तरच ती गेली असे म्हणता येते. अर्थात पाळी लांबली की आधी गर्भधारणेची चाचणी करावी. या वयात ती शक्यता कमी असली तरी संपलेली नसते, आणि ही गोष्ट संकोचापोटी हमखास राहून जाते.

मात्र केवळ पाळीवरून निकाल देता येत नाही. थायरॉइड मंदावला असता रक्तस्राव जास्त होऊ शकतो आणि पाळीचे चक्रही बिघडते. थायरॉइड वाढलेला असता, म्हणजे ग्रंथीचा आकार नव्हे तर तिचे काम गरजेपेक्षा वाढलेले असता, पाळी तुटपुंजी किंवा विरळ होते. फरक असा की पेरिमेनोपॉजमध्ये पाळी लहरी होते, म्हणजे एकदा बावीस दिवसांनी, एकदा चाळीस दिवसांनी, कधी भरपूर तर कधी नावापुरती. थायरॉइडमधील बदल बहुधा एकाच दिशेने सरकत जातो. हा ढोबळ फरक आहे, पण नोंद हातात असेल तर तो दिसतो.

दुसरी पायरी : उष्णता कशी येते ते पाहावे

इथे सोलापूरकरांनी उन्हाळा बाजूला ठेवून विचार करावा, कारण मे महिन्यातील घामावरून काहीच कळत नाही. खरी परीक्षा थंडीत होते. संक्रांतीच्या सुमारास होम मैदानावर गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हा संध्याकाळी सगळे स्वेटर-शाली घालून फिरत असतात. त्या गर्दीतून चालताना एखाद्या बाईच्या छातीपासून मानेपर्यंत आणि चेहऱ्यापर्यंत अचानक गरम वाफ चढावी, कपाळावर घाम फुटावा, तिने शाल काढून हातात घ्यावी आणि पाच मिनिटांत थंडी वाजून तीच शाल पुन्हा पांघरावी, हे हॉट फ्लॅशचे नेमके चित्र आहे. ही वाफ येते तशी जाते. साधारण एक ते पाच मिनिटे टिकते, रात्री झोपेतही येते आणि सोबतची धडधड तिच्याबरोबरच ओसरते.

वाढलेल्या थायरॉइडची उष्णता अशी लाटेने येत नाही. ती दिवसभर मुक्कामाला असते, तळवे कायम गरम आणि ओलसर राहतात, जानेवारीतही पंखा बंद करू दिला जात नाही. मंदावलेल्या थायरॉइडमध्ये उलट होते. घरातले सारे पंख्याखाली बसलेले असताना ही बाई पंख्यापासून दूर सरकते. माझ्या बहिणीचे कोडे इथेच होते. ती मार्चमध्ये चादर ओढून झोपे आणि पहाटे तीन वाजता त्याच चादरीत घामाने निथळून उठे. आम्ही तिला ‘तुझं काही कळतच नाही’ म्हणून हसत होतो, पण त्या एका रात्रीत दोन वेगवेगळ्या गोष्टी घडत होत्या.

तिसरी पायरी : नाडी, हात आणि मान तपासावी

सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वी मनगटावर बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजावी आणि आठवडाभर एका वहीत लिहून ठेवावी. शांत अवस्थेत ६० ते १०० ठोके सर्वसाधारण समजले जातात. पडल्या पडल्याही नाडी सतत शंभराच्या आसपास किंवा वर असेल तर थायरॉइड वाढल्याचा संशय घ्यावा, साठच्या खाली राहत असेल आणि सोबत थकवा असेल तर तो मंदावल्याचा. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी मंद करतात, हे येथे विसरू नये.

त्यानंतर दोन्ही हात समोर ताठ धरून बोटे पसरावीत आणि पालथ्या हातांवर वर्तमानपत्राचा कागद ठेवावा. कागदाची कडा बारीक थरथरत राहिली तर ते वाढलेल्या थायरॉइडचे लक्षण असू शकते. विडीचा दोरा बांधणाऱ्या किंवा सुईत दोरा ओवणाऱ्या बायकांच्या हे कागदाशिवायही लक्षात येते; रोजचा सराईत हात चुकू लागतो आणि दोष मात्र चष्म्याच्या नंबराला दिला जातो.

शेवटी आरशासमोर मान किंचित मागे करून पाण्याचा घोट गिळावा आणि कंठाच्या खालच्या भागाकडे पाहावे. गिळताना वर-खाली होणारा फुगवटा दिसल्यास डॉक्टरांना दाखवावा. फुगवटा नसला म्हणून थायरॉइड ठीक आहे असे मात्र समजू नये.

चौथी पायरी : बाकीच्या लक्षणांची वाटणी करावी

नव्याने सुरू झालेला बद्धकोष्ठ, सकाळी उठल्यावर सुजल्यासारखा दिसणारा चेहरा, घोगरा झालेला आवाज, खरखरीत त्वचा आणि भुवयांच्या बाहेरच्या टोकाचे केस विरळ होणे या गोष्टी एकत्र दिसल्या, तर पारडे मंदावलेल्या थायरॉइडकडे झुकते. टाचांच्या भेगांवरून मात्र काही ठरवू नये. आपल्याकडच्या कोरड्या हवेत त्या कोणालाही पडतात. भूक चांगली असून वजन उतरणे, वारंवार शौचास होणे, डोळे मोठे किंवा बटबटीत दिसू लागणे हे वाढलेल्या थायरॉइडकडे बोट दाखवते. योनिमार्गाचा कोरडेपणा, संबंधाच्या वेळी होणारा त्रास आणि लाटेने येणाऱ्या वाफा हे पाळी जाण्याच्या काळाचे विशेष आहेत.

वजनाविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. मंदावलेल्या थायरॉइडमुळे वजन वाढते ते सहसा काही किलो, आणि त्यातही पाण्याचा वाटा बराच असतो. दहा-पंधरा किलोंचे खापर एकट्या थायरॉइडवर फोडता येत नाही, आणि वजन घटवण्यासाठी थायरॉइडची गोळी घेणे तर सरळसरळ घातक आहे. आई, मावशी किंवा बहिणीला थायरॉइड असेल, बाळंतपणानंतर तो कधी बिघडला असेल, किंवा अंगावर कोड असेल, तर संशयाला जागा अधिक असते. हेही वहीत लिहावे.

पाचवी पायरी : मोजक्या तपासण्या कराव्यात

पहिली तपासणी टीएसएचची. बहुतेक प्रयोगशाळांत तिची सर्वसाधारण मर्यादा सुमारे ०.४ ते ४ किंवा ४.५ अशी असते. आपल्या अहवालावर छापलेली मर्यादाच ग्राह्य धरावी. टीएसएच मर्यादेबाहेर आले तर फ्री टी-४ (रक्तात मोकळे असलेले टी-४), ते कमी आले असेल तर टी-३ सुद्धा, आणि गरजेनुसार अँटी-टीपीओ ही प्रतिपिंडांची तपासणी केली जाते. टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असते, म्हणून पुन:तपासणीसाठी रक्त दर वेळी साधारण त्याच वेळेला द्यावे.

एक गोष्ट लॅबमध्ये कोणी विचारत नाही. केसांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन हे ब-जीवनसत्त्व असते आणि अनेक यंत्रांवर ते निकाल फसवते. टीएसएच खोटेच कमी आणि टी-४ खोटेच जास्त दिसते, म्हणजे नसलेला वाढीव थायरॉइड कागदावर उमटतो. केस गळतात म्हणून बायोटिन सुरू करायचे आणि केस का गळतात हे शोधताना त्याच बायोटिनने चकवायचे, असा हा प्रकार आहे. डॉक्टरांना विचारून तपासणीपूर्वी किमान दोन दिवस ते थांबवावे.

सोबत हिमोग्लोबिन, रक्तातील साखर आणि बी-१२ पाहून घ्यावे. अंगावरून भरपूर जाणाऱ्या बाईचा थकवा आणि धडधड कित्येकदा निव्वळ रक्त कमी झाल्यामुळे असते आणि बिचारा थायरॉइड उगाच बदनाम होतो. पाळी जाण्याचा काळ ओळखण्यासाठी एफएसएच (अंडाशयाला चालना देणारे संप्रेरक) ही तपासणी पंचेचाळिशीनंतर सहसा लागत नाही. ती या काळात इतकी खाली-वर होते की एका आकड्याला अर्थ नसतो. चाळिशीच्या आत पाळी बंद पडू लागली तर मात्र ती आवश्यक आहे आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे विनाविलंब जावे.

सहावी पायरी : अहवालाचा अर्थ लावताना घाई करू नये

टीएसएच जास्त आणि फ्री टी-४ कमी असेल तर थायरॉइड मंदावला आहे, आणि गोळी लागते. टीएसएच थोडेसे वाढलेले पण टी-४ व्यवस्थित असेल, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणे हाच बहुधा योग्य मार्ग असतो. टीएसएच दहाच्या वर गेले तर उपचाराचा विचार सामान्यतः केला जातो. काठावरच्या आकड्यासाठी गोळी सुरू करायची आणि वाफा थांबत नाहीत म्हणून तिचा डोस वाढवत न्यायचा, ही चूक महागात पडते. थायरॉइडची गोळी गरजेपेक्षा जास्त झाली तर हाडे ठिसूळ होतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, आणि पाळी जाण्याच्या काळात हाडांची झीज आधीच सुरू झालेली असते.

गोळी सुरू झालीच तर ती सकाळी उपाशीपोटी फक्त पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा अर्धा ते एक तास पुढे ढकलावा. या वयात कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्याही हमखास चालू असतात. त्यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत चार तासांचे अंतर ठेवावे, अन्यथा गोळी पोटात जाऊनही अंगी लागत नाही. पुढे पाळीच्या त्रासासाठी इस्ट्रोजेनच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या तर थायरॉइडचा डोस वाढवावा लागू शकतो, म्हणून दोन्ही डॉक्टरांना दोन्ही औषधांची कल्पना द्यावी.

अशी लक्षणे, ज्यांसाठी वहीही बाजूला ठेवावी

बारा महिने पाळी थांबल्यानंतर पुन्हा थोडाही डाग लागणे, तासाला एक पॅड भिजेल इतका स्राव, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त जाणे, छातीत दुखणे किंवा चक्कर येऊन धडधड होणे, मानेतील गाठ भरभर वाढणे, आणि जगणे नकोसे वाटावे इतकी उदासी, यांपैकी काहीही असल्यास नोंदी पूर्ण होण्याची वाट न पाहता सिव्हिलमध्ये किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावे.

सातवी पायरी : सहा ते आठ आठवड्यांनी वही पुन्हा उघडावी

थायरॉइडच्या गोळीचा पूर्ण परिणाम टीएसएचवर दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि खरी वाटणी तेव्हाच होते. उपचाराआधीची लक्षणे एका पानावर आणि आताची शेजारच्या पानावर लिहावीत. माझ्या बहिणीच्या वहीत आठव्या आठवड्यात बद्धकोष्ठ, चेहऱ्याची सूज आणि मार्चमधली चादर यांवर काट मारलेली होती. पहाटे तीनचा घाम तसाच होता, पाळीचे अंतर तसेच लहरी होते आणि टीएसएच मर्यादेत आले होते. ते पान घेऊन ती फिजिशियनकडे न जाता स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेली, आणि वर्षभरात पहिल्यांदाच तिला स्वतःच्या त्रासाविषयी फारसे बोलावे लागले नाही. डॉक्टरांनी ते पान वाचले आणि थेट वाफांविषयी विचारायला सुरुवात केली.