रेड वाइन मुरवायची की आत्ताच उघडायची?

पुण्यात एप्रिल-मेमध्ये घरातलं तापमान ३० अंशांच्या वर असतं. तेवढ्या गरम वाइनमध्ये अल्कोहोलच नाकात शिरतं, बाकी काही कळत नाही. म्हणून बाटली आधी तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा. १६ ते १८ अंश पुरेत.

ग्लास एक तृतीयांश भरा, पांढऱ्या कागदावर तिरका धरा आणि समीक्षकांसारखी आधी वाइनची कड बघा. जांभळट कड म्हणजे वाइन अजून कोवळी, विटकरी म्हणजे मुरलेली. दोन-तीन वर्षांच्या बाटलीलाच विटकरी कड आली असेल, तर ती ठेवू नका.

खरी परीक्षा तोंडात. टॅनिनमुळे, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतल्या तुरट घटकामुळे, हिरड्या कच्ची सुपारी चघळल्यासारख्या आवळतात, आंबटपणामुळे जिभेच्या कडांना पाणी सुटतं. टिकायला दोन्ही हवेत, पण त्यांच्या जोडीला फळाची चव दाट हवीच. इथेच बरेच जण फसतात. नुसती तुरट वाइन ठेवून सुधारत नाही: टॅनिन मऊ होईपर्यंत फळ विरून जातं आणि कोरडा तुरटपणा तेवढा उरतो. घोट गिळल्यावर चव किती सेकंद रेंगाळते ते मोजा. ५ सेकंदांत संपली तर मुरवण्यात अर्थ नाही. १५च्या पुढे गेली तर आशा आहे.

अर्धी बाटली बूच लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा चाखा. चव आणखी खुलली असेल, तर त्याच वाइनची दुसरी बाटली बिनधास्त ठेवा, पण १२ ते १५ अंशांत, अंधारात, आडवी. माळ्यावर मुळीच नको. उन्हाळ्यात तिथे बूच वर सरकतं आणि वाइनला शिजवलेल्या मनुकांचा वास येतो.